स्वयंशिक्षित कोणाला म्हणायचे?

जनगढसिंह श्याम यांच्याविषयी लिहिताना प्रस्थापित समीक्षक एक शब्द हमखास वापरतात : स्वयंशिक्षित. शब्द वरवर गौरवाचा आहे. पण कलाशाळा ज्यांच्या हाती होत्या त्यांनीच तो शाळेबाहेरच्या माणसाला चिकटवला आहे. जनगढ यांना कोणी शिकवलेच नाही असे त्यातून सुचते, आणि ते खोटे आहे.

मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे ते परधान. परधान हे गोंडांचे गायक. बाना वाजवून बडादेवाच्या आणि यजमान घराण्यांच्या गाथा गायच्या, यजमान देईल त्यावर जगायचे. आपल्या यवतमाळ-चंद्रपूरकडेही हा समाज आहे. प्राणी, झाडे, देव यांचे सगळे नाते या गाण्यांत पिढ्यान्पिढ्या शिकवले गेले. दाखला तेवढा कोणी दिला नाही.

१९८१ साली जगदीश स्वामीनाथन यांनी भोपाळच्या भारत भवनासाठी पाठवलेल्या चमूने पाटनगढच्या भिंतीवरचे काम पाहिले आणि जनगढ भोपाळला आले. स्वामीनाथन यांचे श्रेय नाकारू नये. पण 'शोध लावला' ही भाषा कोलंबसाची आहे. भिंतीवर माती चढवणाऱ्या हाताला कागद आणि बारीक टोकाचे पेन मिळाले, त्यानंतर जे घडले ते जनगढ यांनी स्वतः घडवले. हरणाची बाह्यरेषा एका ओघात येते. मग अंगभर बारीक तिरप्या रेघा, ठिपक्यांच्या रांगा, कंगव्याच्या दातांसारख्या कडा. पेनच्या टोकाला जे जमते तेच त्यांनी प्राण्याची कातडी केले.

सिरसाळ्याला माझ्या वर्गात बरीचशी मुले ऊसतोडीच्या घरची आहेत. ही चित्रे पाहून एकाने विचारले, "सर, ह्याच्यामागं रान का नाही काढलं?" प्रश्न मोलाचा आहे. वन्यजीवांची चित्रे म्हणून जी आपण कॅलेंडरवर पाहतो, त्यांत पार्श्वभूमीला रान असते आणि बघणारा दुर्बीण घेऊन दूर उभा असतो. जनगढ यांच्या कागदावर मागे कोरी जागा असते. रान हरणाच्या शिंगांत आहे. शिंगेच फांद्या होऊन पसरतात. बघणारा बाहेरचा नाही, म्हणून देखावा नाही.

सगळेच काम या उंचीचे नाही. काही चित्रांत ठिपके नुसते भरण होतात. अनुकरण करणाऱ्यांत तर हा दोष फारच बोकाळला. आदिवासी म्हणून सूट देणे हाही अपमानच, म्हणून हे लिहितो.

१९८६ मध्ये शिखर सन्मान मिळाला, १९८९ मध्ये पॅरिसच्या 'मॅजिसियाँ द ला तेर' प्रदर्शनात चित्रे लागली. 'मॅजिसियाँ' म्हणजे जादूगार! कारागिरीला जादू म्हटले की मजुरीचा हिशोब टळतो. जुलै २००१ मध्ये जपानच्या मिथिला म्युझियममध्ये चित्रे काढायला गेले असताना जनगढ यांनी आत्महत्या केली. वय चाळिशीच्या आत. त्यावर भोळ्या आदिवासीची करुण कथा पुष्कळ लिहिली गेली. परदेशात एकट्याने काम करणाऱ्या चित्रकाराचा करार कसा असावा, परतीचा हक्क कोणाकडे असावा, यावर मात्र कलाजगताने फारसे डोके शिणवले नाही.

याच परधान परंपरेतल्या दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी २०११ मध्ये 'भीमायन' चितारले. बाबासाहेबांना पाणी नाकारणाऱ्यांचे शब्द तिथे विंचवाच्या नांगीच्या फुग्यात आहेत. सोसणाऱ्यांचे पाखराच्या आकारात.