टिंबाचे पैसे वेगळे

डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या इमारतीचे रिडेव्हलपमेंट होऊन आम्ही मंडळी एकदाचे नव्या घरात आलो, आणि तळमजल्यावर रहिवाशांच्या नावांची पाटी लावायचे सोसायटीने ठरवले. यादी करायचे काम अर्थातच माझ्याकडे. बँकेतल्या कारकुनाचे अक्षर चांगले असते हा गैरसमज अजून टिकून आहे. पाटी करणार कल्याणचा कारागीर, दर अक्षरामागे.

"टिंबाचे पैसे लावणार का हो?"

"लावणार. तेही कापावंच लागतं, साहेब."

सेक्रेटरींनी फर्मावले, "पदव्या घाला, पण सगळ्यांच्या एका पद्धतीनं." हे वाक्य उच्चारणाऱ्याने पदव्यांचा संसार जवळून पाहिलेला नसतो.

पहिल्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी बजावले की, एलएल.बी.तल्या दोन एलमध्ये टिंब चालणार नाही. लॅटिनमध्ये अनेकवचनाला अक्षर दोनदा लिहितात. म्हणजे कायदा एक नव्हे, अनेक. एक टिंब वाचले, मी गप्प बसलो. चौथ्या मजल्यावरच्या काकांना 'बी.ए. (बॉम्बे)' असेच हवे. मी म्हटले, "काका, १८५७ सालचं विद्यापीठ असलं तरी १९९६ पासून त्याचं नाव मुंबई आहे." काका म्हणाले, "नाव त्यांनी बदललं. मी पेपर बॉम्बेचे लिहिले." कंसाचे दोन नग वाढले.

शेजारच्या दोघी बहिणी एकाच कॉलेजात एकच गोष्ट शिकल्या. थोरली बी.एम.एम. झाली, २०१९ च्या सुमारास विद्यापीठाने अभ्यासक्रमाचे नाव बदलले म्हणून धाकटी बी.ए.एम.एम.सी. झाली. थोरली तीन अक्षरांत आटोपली, धाकटी पाच. फीचे एक वेळ समजू शकते, पण पाटीचाही खर्च बापानेच करायचा! आणि बी.ए.एफ. म्हणजे मुळात बी.कॉम.च, हिशेब आणि वित्त या विषयांचे. पण ते घरंदाज नाव सांगायला पोरांना संकोच वाटतो. माझ्यासारख्या साध्या बी.कॉम.ला हे लागते, हे कबूल करतो. वास्तविक संक्षेप करायचा तो वाचणाऱ्याला ओळख पटावी म्हणून. इथे वाचणारा विचारतो, "म्हणजे काय?" आणि मग पदवीधर पाच मिनिटे विस्तार सांगतो.

सरकारला हे कळत नाही असे नाही. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने देशात द्यायच्या पदव्यांची नावे राजपत्रात छापली. हेतू चांगला, पण राजपत्र वाचून कोणी दारावरची पाटी रंगवत नाही.

मीही सोवळा नाही. बी.कॉम.पुढे मी सी.ए.आय.आय.बी. लावतो. ती पदवी नव्हे, बँकवाल्यांची परीक्षा आहे. पण जिने पगारवाढ दिली तिला दाराबाहेर ठेवणे कृतघ्नपणाचे. जुन्या घरी पेंटरने 'सी.ए.' नंतर जरा जास्त जागा सोडली, तर जुलै महिनाभर शेजारी आयकराची कागदपत्रे घेऊन येत होते.

घोडे अडले ते दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या आजी जाऊन बारा वर्षे झाली, पण फ्लॅट अजून त्यांच्याच नावावर, आणि नावापुढे 'जी.ए.'. मराठी माणसाला जी.ए. म्हटले की कुलकर्णीच आठवतात. मी तर इतकी वर्षे ती आजींची आद्याक्षरे समजत होतो. त्यांचा मुलगा, स्वतः सत्तरी ओलांडलेला, म्हणाला, "आई कर्व्यांच्या विद्यापीठाची. पण तुम्ही आपलं बी.ए. करून टाका. एकसारखं दिसेल, आणि लोक विचारत बसणार नाहीत."

मी बी.ए. लिहिलेसुद्धा. मग ठाण्याच्या आमच्या शाखेत नौपाड्यातले एक निवृत्त संस्कृत शिक्षक हयातीच्या दाखल्यासाठी आले, त्यांना सहज विचारले. ते हयात विसरून उभेच राहिले. म्हणाले, "जी.ए. म्हणजे गृहीतागमा! आगम म्हणजे शास्त्र, ते जिने ग्रहण केलं ती. पुढची पदवी प्रदेयागमा. जिची विद्या आता दुसऱ्याला द्यायची ती." महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले, मातृभाषेतून शिकवले, आणि पदवीलाही असे नाव दिले. कायद्याची मान्यता आली १९५१ मध्ये. आजी त्याआधीच्या. म्हणजे सरकारी शिक्का नसलेली पदवी त्यांनी घेतली, आणि जन्मभर दारावर लावली.

इकडे आपण लग्नपत्रिकेत वधूच्या नावापुढे 'बॅचलर' छापतो आणि कोणाला हसू येत नाही. अख्ख्या यादीत बाईला बाई म्हणणारी पदवी एवढी एकच, आणि मी तिच्यावर काट मारून बसलो होतो!

त्या रात्री यादी पुन्हा लिहिली. सेक्रेटरी म्हणाले, "सगळ्यांचे संक्षेप आणि यांचंच पूर्ण? एकसारखं कुठं राहिलं?" मी म्हटले, "टिंबं नाहीत, स्वस्तात पडतंय." हिशेबापुढे ते गप्प झाले. मुलाने जादा अक्षरांचे पैसे न बोलता आणून दिले. कल्याणहून मात्र फोन आला, "साहेब, हे आडनाव का?"

परवा कुरियरवाला खालून ओरडत होता, "एकवीस नंबर म्हणजे गृहीतागमा मॅडमच्या समोरचाच ना?"

वरून मुलाचा आवाज आला, "हो, त्यांच्याच. या वर."