राजवाडा, शाळा आणि उंबरठा

जुन्या वास्तू जपाव्यात की नाही, हा आपल्यापुढचा खरा प्रश्न नव्हे. त्या जपल्याच पाहिजेत. प्रश्न असा आहे की, त्या कशासाठी जपायच्या आणि जपताना त्यांच्याविषयी काय सांगायचे. लहान शहरात एखादा वाडा, वेस किंवा विहीर यांच्या संवर्धनाची चर्चा निघाली की 'आपले वैभव' हे शब्द लगेच उच्चारले जातात. यातील 'आपले' हा शब्द तपासून घ्यावा, असे प्रस्थापित इतिहासप्रेमींना कधी वाटलेले नाही. तो तपासण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.

प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा वास्तूचे वय विचारतो. ती किमान १०० वर्षांची हवी. तिला ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्व हवे. या वास्तूच्या उंबरठ्याच्या आत कोणाला प्रवेश होता आणि कोणाला नव्हता, हे मात्र तो विचारत नाही. दगडाचे वय मोजता येते. अपमानाचे वय मोजण्याची पट्टी कोणत्याच खात्याकडे नाही.

साताऱ्याजवळच्या लिंब गावची अठराव्या शतकातील बारा मोटांची विहीर पाहा. तिचे बांधकाम देखणे आहे, यात वाद नाही. पण तिचे नावच मोटेवरून पडले आहे, आणि मोट म्हणजे चामडे. ते कमावणारा ढोर आणि मोट शिवणारा चांभार. त्यांच्या हातची मोट पाण्यात बुडाली तर पाणी विटाळत नसे. त्यांचा हात बुडाला तर विटाळे! हा विसंवाद त्या काळच्या गावोगावच्या पाणवठ्यावर होता. विहिरीची कमान वाखाणणाऱ्या लेखनात हा विसंवाद येत नसेल, तर ते लेखन अपुरे आहे. सौंदर्य नाकारा असे आम्ही म्हणत नाही. सौंदर्याच्या हिशेबात श्रम आणि अस्पृश्यता दोन्ही धरा, एवढेच म्हणतो.

आता खुद्द साताऱ्याकडे वळू. १८३९ मध्ये इंग्रजांनी ज्यांना पदच्युत केले त्या छत्रपती प्रतापसिंहांचा जुना राजवाडा या शहरात आहे. राज्य गेले आणि पुढे त्या राजवाड्यात सरकारी शाळा भरू लागली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सुभेदार रामजी यांचा मुलगा भिवा त्या शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाला. दाखल क्रमांक १९१४. ही शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते. ज्या वास्तूत एके काळी आपल्या माणसाने मान खाली घालून बाहेर उभे राहायचे, तिच्यात महाराचे पोर पाटी घेऊन शिरले! वास्तूच्या वापरात झालेला हा बदल कोणत्याही नक्षीकामापेक्षा मोठा आहे.

तरीही आत शिरणे म्हणजे आत सामावणे नव्हे. वर्गात वेगळे बसावे लागे, बसायचे गोणपाट घरून आणावे लागे, शिपाई नसला की तहान तशीच राहत असे. बाबासाहेबांनी शाळेच्या त्या दिवसांविषयी हे स्वतःच लिहून ठेवले आहे. म्हणून अशा वास्तूवर लावायच्या फलकावर दोन्ही गोष्टी हव्यात: दार उघडले तो दिवस आणि दाराच्या आतही शिल्लक राहिलेली भिंत. पहिली लिहून दुसरी गाळणे, ही इतिहासाची साफसफाई होय.

येथे थोडी आत्मटीकाही आवश्यक आहे. २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. आपण हार घालतो, घोषणा देतो, घरी जातो. गावातल्या सरकारी शाळेचे छप्पर गळते की नाही, तिच्या वाचनालयाला कुलूप आहे की काय, हे त्या दिवशीही पाहत नाही. दुसरीकडे उपेक्षेचे फळही आपण पाहिले आहे. पुण्याच्या भिडेवाड्यात १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. तो वाडा वर्षानुवर्षे पडझडीत आणि कोर्टकचेरीत अडकला. अखेर २०२३ मध्ये, स्मारकासाठी जागा मोकळी झाली तेव्हा, उभा वाडा पाडावाच लागला. आता तेथे स्मारक होईल. ती भिंत मात्र परत येणार नाही.

माझ्या घराण्यात वाडा नव्हता. जपून ठेवलेला सर्वांत जुना कागद म्हणजे वडिलांचा चौथीचा शाळा सोडल्याचा दाखला. म्हणून मला राजवाड्याच्या खांबांइतकेच त्या शाळेचे दाखल-रजिस्टर मोलाचे वाटते. आपला वारसा बहुधा असाच, कागदाच्या एका ओळीएवढा आहे.

तेव्हा गावोगावच्या कार्यकर्त्यांनी जुन्या वास्तूंच्या चर्चेपासून दूर राहू नये. त्या चर्चेत बसून तीन गोष्टी मागाव्यात. वास्तूच्या इतिहासात प्रवेशबंदीचा आणि राबणाऱ्या हातांचा उल्लेख असावा. शाळांची जुनी रजिस्टरे वास्तूइतक्याच काळजीने जतन व्हावीत. आणि वाड्याचा नवा उपयोग ठरवताना तिकीट लावून श्रीमंतांची सोय करण्याआधी वाचनालय, अभ्यासिका, शाळा यांचा विचार व्हावा. राजवाड्याचे हॉटेल झाले तर उंबरठा पुन्हा उंच होईल. त्याला जातीऐवजी पैशाचे नाव मिळेल, एवढेच. जी वास्तू एकदा शाळा होऊन मोठी झाली, तिला पुन्हा लहान होऊ देऊ नये.