अभ्यासिकेतला कॅमेरा कोण फिरवतं?

अभ्यासिका म्हणजे काय, हे बुलढाण्यात नेट-पेटची तयारी करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. माझ्या अभ्यासिकेत डोक्यावर गोल कॅमेरा होता. कुणी डुलकी घेतली की मालक-काकांचा फोन यायचा. ते शेतात बसून मोबाइलवर बघत असायचे. आम्ही हसायचो. हा कॅमेरा कधी आपल्या हातात आला तर काय दिसेल, हे मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

मुंबईच्या ‘कॅम्प’ या स्टुडिओचं कामच तिथून सुरू होतं. शायना आनंद, अशोक सुकुमारन आणि सहकारी 2007 पासून तो चालवतात. 2022 सालचं त्यांचं ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ कोची-मुझिरिस बिनालेत दाखवलं गेलं. मध्य मुंबईतल्या 35 मजली इमारतीवर एक सीसीटीव्ही कॅमेरा, दुरून फिरवता आणि झूम करता येणारा. तो आकाशरेषेवरून हळूहळू खाली झुकतो. आधी टॉवर, मग ताडपत्रीची छपरं, मग गल्लीतली माणसं. हे सगळं सात पडद्यांवर, संगीताच्या ठेक्यावर.

काम देखणं आहे, आणि माझी अडचण तिथेच आहे. छपरावरच्या माणसाला आपण 35 मजल्यांवरून बघतो, तो आपल्याला बघू शकत नाही. उंची लपवलेली नाही, हा कलाकारांचा प्रामाणिकपणा. पण गाणं कितीही त्याच्या बाजूचं असलं, तरी कॅमेऱ्याचा दांडा त्याच्या हातात नाही.

याच मंडळींचं जुनं काम आठवा, ‘द नेबर बिफोर द हाउस’, 2009 ते 2011 दरम्यानचं. पूर्व जेरुसलेममधल्या पॅलेस्टिनी कुटुंबांच्या घरी असाच कॅमेरा लावला, पण फिरवायला दिला त्या कुटुंबांकडेच. ते शेजारची, हातातून गेलेली घरं झूम करून बघतात आणि बघता बघता बोलतात. कोण बघतंय आणि का, हे लगेच कळतं. मला हे काम जास्त मोठं वाटतं.

यावर तुम्ही म्हणाल, ही विज्ञानवाली कलेत कशाला नाक खुपसते? तर आपल्या लोणारचं बघा. जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झालं. फोटो खरे होते, उपग्रहातूनही रंग दिसत होता. तरी व्हॉट्सअॅपवर जो तो आपापलं कारण चिकटवत होता, कारण वरून काढलेलं चित्र कारण सांगत नाही. कुणीतरी काठावर जाऊन बाटलीत पाणी भरलं, ते पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेलं, तेव्हा कळलं की हे मिठात वाढणाऱ्या हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांचं रंगद्रव्य आहे.

जेरुसलेमच्या कामात ती बाटली आहे: घरातल्या माणसांचा आवाज. मुंबईच्या कामात मला ती सापडली नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ड्रोन, सीसीटीव्ही किंवा उपग्रहाची चित्रं असतील, तर तुमचा गाइडही व्हायव्हाच्या आधी हेच विचारणार आहे, आणि विचारायलाच हवं.

जेरुसलेमचं काम कुठे बघायला मिळालं तर दोनदा बघा. आधी आवाज बंद ठेवून, मग चालू करून.