शाहनाम्यातले तीन सण

शिकारीला निघालेल्या होशंग राजाला डोंगरात दूरवर काहीतरी दिसतं. लांबलचक, काळंकुट्ट, झपाट्यानं सरकणारं. डोळे म्हणजे रक्ताचे दोन झरे, आणि तोंडातून निघणाऱ्या धुरानं भोवतालचं जग काळवंडलेलं. होशंग हाताला लागेल तो दगड उचलतो आणि सगळं बळ एकवटून भिरकावतो. साप निसटतो. दगड मात्र दुसऱ्या मोठ्या दगडावर आदळून फुटतो, ठिणगी उडते आणि माणसाला आग सापडते. राजा ईश्वराचे आभार मानतो. त्या रात्री डोंगराएवढा जाळ पेटतो, त्याच्याभोवती राजा आणि त्याची माणसं बसतात, पेले भरले जातात. या उत्सवाचं नाव सदे.

फारसी कवी फिरदौसीनं इ.स. १०१० मध्ये पूर्ण केलेल्या ‘शाहनामा’ या महाकाव्यात सुमारे पन्नास हजार बैत, म्हणजे द्विपदी, आहेत. पण इराणच्या तीन जुन्या सणांच्या जन्मकथा त्यानं अगदी सुरुवातीच्या भागातच सांगून टाकल्या आहेत: होशंगचा सदे, जमशेदचा नवरोज आणि फरीदूनचा मेहरगान. या तिन्ही कथा लागोपाठ वाचल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. फिरदौसीचा एकही सण पूर्ण विजयाचा नाही. होशंगचा साप मेलेला नाही. आग मिळाली ती नेम चुकल्यामुळे, आणि ज्याच्यावर दगड टाकला तो अजून त्याच डोंगरात कुठेतरी आहे. शेकोटीचा आनंद सांगताना फिरदौसी सापाचा पुन्हा उल्लेखही करत नाही. मला ही जागा फार मोठ्या कवीची वाटते. दुसरा एखादा कवी सापाला त्या आगीत जाळूनच थांबला असता.

सदेच्या या ओळी मूळच्या नाहीत, नंतर कुणीतरी घातल्या, असं शाहनाम्याचे काही संपादक मानतात. असेलही. पण ज्यानं कुणी त्या रचल्या, त्याला फिरदौसीची नस नेमकी सापडली होती, एवढं नक्की.

मराठी वाचकाच्या कानाला या काव्याची चाल परकी वाटायचं कारण नाही. शाहनामा मुतकारिब वृत्तात आहे. एक लघु आणि दोन गुरू असा गण चार वेळा येतो, फक्त शेवटच्या गणातलं शेवटचं अक्षर गळतं. हा आपला य गण, आणि चारही गण पुरते घेतले की भुजंगप्रयात होतो. ‘मनाच्या श्लोकां’चं वृत्त ते हेच. फारसी येत नसली तरी कुणी शाहनामा म्हणू लागलं की आपलं डोकं आपोआप ताल धरतं.

जमशेदच्या कथेत फिरदौसीचा हात वेगळा चालतो. इथे प्रसंग नाही, कामांची नोंद आहे. पहिली पन्नास वर्षं लोखंड मऊ करून चिलखतं आणि शस्त्रं घडवण्यात जातात. पुढची पन्नास कातणं, विणणं, धुणं, शिवणं शिकवण्यात. मग समाजाची चार वर्गांत घडी बसते. राक्षसांना माती-पाणी कालवायला लावून विटा पाडल्या जातात, भिंती आणि हमामखाने उभे राहतात. त्यानंतर रत्नं, सुगंध, औषधं, नौका. ही यादी वाचताना कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक वस्तूमागे कष्टणारा हात दिसतो. आणि एवढं सगळं झाल्यावर, फरवरदीन महिन्याच्या पहिल्या दिवशी, जमशेद रत्नजडित सिंहासनावर बसतो. राक्षस ते सिंहासन आकाशात उचलतात आणि तो सूर्यासारखा तळपतो. लोक त्याच्यावर रत्नं उधळतात, श्रमातून अंगाला आणि वैरातून मनाला विसावा देतात. तो नवरोज.

आजच्या इराणात नवरोजची जी ओळख झाली आहे ती हफ्त-सीनची मांडणी, म्हणजे ‘स’नं सुरू होणाऱ्या सात वस्तू, शाहनाम्यात कुठेच नाही. पण आधी राबणं आणि मग बसणं हा कथेतला क्रम घराघरांत तसाच चालू आहे. सणाच्या आधी अख्खं घर उलटंपालटं करून झाडलं-धुतलं जातं. ताटलीत गहू किंवा मसूर पेरून हिरवे कोंब काढतात. सात वस्तूंपैकी समनूचं काम सगळ्यांत जिकिरीचं. गव्हाला मोड आणायचे, ते ठेचून-गाळून दूध काढायचं, त्यात पीठ घालून मोठ्या पातेल्यात मंद आचेवर रात्रभर ढवळत राहायचं. कुरडयांसाठी चीक शिजवलेल्या बायकांना या कामात हात किती भरून येतात ते सांगायला नको. बायका पाळीपाळीनं ढवळतात, ढवळताना मनात एकेक इच्छा धरतात. पहाटेपर्यंत ते तपकिरी, दाट होतं, आणि साखरेचा दाणाही न घालता गोड लागतं. नवं वर्ष लागतं ते मध्यरात्री नव्हे, वसंतसंपाताच्या नेमक्या क्षणी. तो क्षण भल्या पहाटे आला तरी घर मांडणीभोवती जागं असतं.

आपल्याकडे २१ मार्चला पारशी आणि इराणी घरांत होतो तो जमशेदी नवरोज. त्यात या राजाचं नाव टिकून आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शाहनाम्याच्या शिळाछापाच्या आवृत्त्या निघाल्या, तेव्हा हा जमशेद इथल्या छापखान्यांतूनही गेला.

पण फिरदौसी नवरोजवर थांबत नाही. तीनशे वर्षं मरण नाही, दुःख नाही, आणि मग त्याच सिंहासनावरून जमशेद सगळं जग पाहतो आणि म्हणतो, हे सारं मीच घडवलं. तेज त्याला सोडून जातं, माणसं पांगतात, शेवटी त्याचं राज्य बळकावणारा जुलमी झोहाक त्याला करवतीनं चिरतो. उत्सवाची सर्वांत उंच जागा आणि गर्वाची जागा एकच आहे. इतिहासातही असं घडलं होतं. फिरदौसीच्या जन्माच्या थोडं आधी, इ.स. ९३५ मध्ये, मर्दावीज या राजानं इस्फहानला सदे अफाट थाटात साजरा केला. टेकड्याटेकड्यांवर जाळ पेटवले, तरी ते त्याला कमीच वाटले, तो रागावला. थोड्याच दिवसांत त्याच्याच तुर्की गुलामांनी त्याला हमामखान्यात ठार केलं.

तिसऱ्या सणाआधी पुन्हा साप येतात, या वेळी झोहाकच्या खांद्यांवर. त्यांना रोज दोन तरुणांचे मेंदू लागतात. आपण न्यायी आहोत अशी साक्ष झोहाक दरबाऱ्यांकडून लिहून घेत असतो, तेवढ्यात कावे लोहार आत शिरतो. अठरापैकी सतरा मुलं गेलेला बाप. तो शेवटचा मुलगा सोडवून घेतो, साक्षीचा कागद फाडून पायाखाली तुडवतो आणि बाजारात येऊन आपलं चामड्याचं कामाचं वस्त्र भाल्याच्या टोकाला बांधतो. राजघराण्याचं निशाण पुढे हेच होतं. रत्नं त्याला नंतर लागली.

कावेमागे निघालेले लोक राजवंशातल्या तरुण फरीदूनला जाऊन मिळतात. फरीदून झोहाकला गदेनं लोळवतो, पण मारू शकत नाही. देवदूत सरोश त्याला अडवतो, आणि झोहाकला दमावंद पर्वतात जखडून ठेवलं जातं. मेहर महिना लागताच फरीदून मुकुट धारण करतो. लोक आगी पेटवतात, अंबर आणि केशर जाळतात. तो मेहरगान. पंचांगात हा सण मेहरच्या सोळाव्या दिवशी येतो, फिरदौसी तो महिन्याच्या आरंभी धरतो. तिन्ही कथांच्या शेवटी तो एकदा आपल्या काळाकडे वळतो आणि सांगतो की त्या राजांचं हे एवढं आपल्यापाशी उरलं आहे. इस्लामपूर्व इराणचं शेवटचं, सासानी राज्य बुडून साडेतीनशे वर्षं होऊन गेली होती. ते उरलेलं मोजणाऱ्याचा आवाज मला या वळणात ऐकू येतो.

मेहरगानचं वर्णन मात्र तो चार ओळींत आटोपतो. कावेच्या प्रसंगानंतर वाचकाला त्या मेजवानीत जरा बसायचं असतं, आणि इथे मला हात आखडल्यासारखा वाटतो. पण खरा सण त्यानं पुढच्या ओळींत ठेवला आहे, फरीदूनच्या आईच्या घरी. झोहाकच्या भीतीनं तान्ह्या मुलाला घेऊन रानोमाळ पळालेली फरानक. मुलगा राजा झाल्याची बातमी तिला उशिरा कळते. ती न्हाते, प्रार्थना करते, आणि आठवडाभर गरजूंना गुपचूप देत राहते, कुणाला पत्ता लागू न देता. कुणी गरजू उरत नाही तेव्हा दुसऱ्या आठवड्यात ती थोरामोठ्यांना जेवायला बोलावते.