हरित चहातील कॅटेचिने आणि पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग : काचपात्रातील पुराव्याची चिकित्सा

काचपात्रात वाढविलेल्या कर्कपेशी एखाद्या द्रव्याने मराव्यात, ही विज्ञानात दुर्मीळ घटना नव्हे. ब्लीचिंग पावडरनेही त्या मरतात. त्यामुळे हरित चहातील द्रव्ये पुरःस्थ, म्हणजे प्रोस्टेट, ग्रंथीच्या कर्कपेशींची वाढ रोखतात या विधानाचे मूल्यमापन करताना ती किती संहतीत व कोणत्या परिस्थितीत रोखतात, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. लोकप्रिय आरोग्यलेखनात नेमका हाच प्रश्न गाळला जातो.

हरित चहा म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस या झुडपाची न आंबविलेली पाने. (आपल्याकडील गवती चहा ही गवताची जात असून तिचा याच्याशी नावापलीकडे संबंध नाही.) या पानांतील कॅटेचिन वर्गातील प्रमुख संयुग एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, संक्षेपाने ईजीसीजी. अमेरिकेतील निहाल अहमद, हसन मुख्तार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखविले की, ईजीसीजीमुळे डीयू-१४५ या पुरःस्थ कर्कपेशींसह काही मानवी कर्कपेशींचे विभाजनचक्र थांबते आणि पेशींचा नियोजित मृत्यू घडतो. पुढे याच गटाला एलएनकॅप पेशींतही तसाच परिणाम आढळला. एलएनकॅप पेशी पुरुषी संप्रेरकाला प्रतिसाद देतात व त्यांतील पी-५३ जनुक शाबूत असते. डीयू-१४५ मध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत. इतक्या भिन्न पेशींवर परिणाम सारखा व्हावा, ही बाब खरोखर लक्षणीय होती आणि संशोधकांचा उत्साह अनाठायी नव्हता. २००१ मध्ये ट्रॅम्प जातीच्या, म्हणजे जनुकीय बदलामुळे हा कर्करोग हमखास होणाऱ्या, उंदरांना पिण्याच्या पाण्यातून ०.१ टक्का चहा-पॉलिफिनॉल दिले असता अर्बुदांची वाढ मंदावली व आयुर्मान वाढले.

अडचण संहतीची आहे. पेशींवरील प्रयोगांत ईजीसीजी बहुधा दहा ते शंभर मायक्रोमोलर इतके वापरले जाते. दोन-तीन कप चहा घेणाऱ्या माणसाच्या रक्तात मात्र ते सामान्यतः एक मायक्रोमोलरच्या आतच राहते. आतड्यातून त्याचे शोषण अल्प होते आणि शोषलेल्या भागाचेही शरीरात लवकर रूपांतर होते. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे व तिच्याकडे अधिक दुर्लक्ष झाले आहे. पेशी ज्या पोषक द्रवात वाढवितात, त्यात ईजीसीजी टिकत नाही. काही तासांतच त्याचे ऑक्सिडीकरण होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. त्याचे विघटन करणारे कॅटॅलेज हे विकर मिसळल्यास काही प्रयोगांत ईजीसीजीचा परिणाम घटलेला दिसतो. म्हणजे ज्या द्रव्याची ख्याती ऑक्सिडीकरणविरोधी अशी, त्याच्या नावावर जमा झालेला पेशीमृत्यू निदान अंशतः ऑक्सिडीकरणानेच घडला असावा. पुरेशा नियंत्रणाविना केलेल्या अशा प्रयोगांवरून रक्तातील घडामोडींचे अनुमान काढणे धाडसाचे ठरते.

मानवी चाचण्यांकडे वळल्यास चित्र संमिश्र आहे. इटलीत बेत्तुझ्झी व सहकाऱ्यांनी कर्कपूर्व बदल झालेल्या ६० पुरुषांवर केलेली चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज ६०० मिलिग्रॅम कॅटेचिने घेणाऱ्या ३० जणांपैकी वर्षभरात एकाला, तर निष्प्रभ गोळी घेणाऱ्या ३० जणांपैकी नऊ जणांना कर्करोग झाल्याचे आढळले. हे आकडे सर्वत्र उद्धृत होतात. चाचणीतील एकूण रुग्ण किती थोडे होते, हे क्वचितच सांगितले जाते. २०१५ मध्ये कुमार व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ९७ पुरुषांच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले : ईजीसीजीच्या गटात ४९ पैकी ५, तुलनेच्या गटात ४८ पैकी ९. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. गंमत अशी की, इटलीत कर्करोग घटला पण रक्तातील पीएसएमध्ये दोन गटांत अर्थपूर्ण फरक पडला नाही. अमेरिकेत पीएसए घटले, कर्करोगाचे प्रमाण मात्र निर्णायकपणे घटले नाही. जपानमधील सुमारे ५० हजार पुरुषांच्या २००८ मधील पाहणीत रोज पाच वा अधिक कप पिणाऱ्यांत प्रगत अवस्थेतील कर्करोग कमी आढळला, ग्रंथीपुरत्या मर्यादित कर्करोगात फरक दिसला नाही. हा धागा पुढील संशोधनास योग्य आहे.

रोग बळावल्यानंतर चहा उपयोगी पडतो काय? संप्रेरक-उपचारांना दाद न देणाऱ्या ४२ रुग्णांना रोज सहा ग्रॅम हरित चहा दिल्याचा अनुभव २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ एकाचे पीएसए निम्म्याने उतरले, तेही दोन महिन्यांपलीकडे टिकले नाही; मळमळ, उलट्या, निद्रानाश यांचा त्रास मात्र अनेकांना झाला.

येथेच प्रश्न केवळ पद्धतिशास्त्राचा राहत नाही. पेयातून मिळणारी मात्रा अपुरी म्हणून अर्काच्या गोळ्या घ्याव्यात, हा युक्तिवाद बाजारात सहज रुजतो. परंतु युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ मधील मतानुसार, पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम वा अधिक ईजीसीजी घेतल्यास यकृतावरील ताणाची दर्शक विकरे वाढल्याचे आढळते. शिवाय २००९ मध्ये असे दिसून आले की, बहुविध मायलोमा या कर्करोगावरील बोर्टेझोमिब या औषधातील बोरॉनयुक्त घटकाशी ईजीसीजी बांधले जाते व औषध निष्प्रभ होते. हा निष्कर्षही पेशी आणि उंदीर यांच्यापुरताच आहे, हे न्यायाने नोंदविले पाहिजे. तरीही हे औषध चालू असलेल्या रुग्णाने अर्काच्या गोळ्यांची माहिती डॉक्टरांपासून दडवू नये, एवढे म्हणण्यास तो पुरेसा आहे.