आवाजाची चाचणी आणि कसोटीचे मालक

कसोटी कोणी लावायची आणि कशाच्या आधारे लावायची, हा दलित साहित्याच्या चर्चेतला जुना प्रश्न आहे. आमच्या कवितेत 'कलात्मकता' कमी पडते असे म्हणणाऱ्यांनी आपली वजनमापे कोणत्या दुकानातून आणली, हे आपण विचारीत आलो आहोत. तोच प्रश्न मी येथे साहित्याबाहेर नेऊन संगीताच्या एका परक्या व्यवहाराला लावून पाहणार आहे. पाश्चात्त्य शहरांतून सिंफनी वाद्यवृंदांबरोबर गाणारी हौशी समूहगायकांची पथके असतात. त्यांत शिरण्यासाठी आवाजाची चाचणी द्यावी लागते. विषय दूरचा वाटेल. पण जेथे 'सर्वांसाठी खुले' अशी पाटी असते तेथे उंबरठा कोठे बांधलेला असतो, हे शोधण्याची सवय आपल्याइतकी कोणाला आहे?

या पथकांतील गायकांना मानधन नसते. बॉस्टनच्या विख्यात वाद्यवृंदासाठी १९७० साली उभे राहिलेले टँगलवुड फेस्टिव्हल कोरसही अशाच बिनपगारी गायकांचे आहे. पुढे बसलेला व्हायोलिनवादक पगारी आणि त्याच्यामागे उभे राहून घसा देणारे शिक्षक, कारकून, परिचारिका बिनपगारी, अशी ही रचना. पुष्कळ ठिकाणी उलट वर्गणी गायकच भरतो आणि मैफलीचे काळे कपडेही स्वतःच्या खर्चाने शिवतो. हे सगळे तो आनंदाने करतो, यात शंका नाही. पण ज्याची संध्याकाळ दुसऱ्या पाळीत किंवा शिकवण्यांत जाते, त्याला हा आनंद परवडत नाही. स्वयंसेवा ही फावल्या वेळाची मालमत्ता असते.

या पथकांचे मानाचे गाणे म्हणजे बीथोव्हनची नववी सिंफनी. ती १८२४ साली व्हिएन्नात प्रथम सादर झाली. तीत गायकवृंद पहिले तीन भाग गप्प असतो; चौथ्या भागात तो उठतो आणि मानवमात्राच्या बंधुत्वाचे गाणे गातो. बंधुत्वाच्या रांगेत उभे राहायला आधी परीक्षा, यातला विरोधाभास सांगायला पंडित लागत नाही. तरीही चाचणी म्हणजे निव्वळ कारस्थान असे मी म्हणणार नाही. या रचनेत सोप्रानो स्त्रियांना वरचा स्वर इतका वेळ धरून ठेवावा लागतो की कच्चा गळा तेथे फाटतो. एकजण बेसूर झाला तर शेजारचे दहाजण ढळतात. चाचणी हवीच. प्रश्न तिच्यात काय तपासले जाते, हा आहे.

एका पाठ्यवृत्तीवर मी वर्षभर उत्तर इंग्लंडमधल्या एका शहरात होतो. तेथे अशा एका पथकाची चाचणी मी दिली. चर्चच्या मागची खोली, एक पियानो, दोन परीक्षक. प्रथम आपल्या पसंतीचे गाणे म्हणायचे होते. मी वामनदादा कर्डकांचे एक गीत म्हटले. पियानोवाल्या बाईंनी मागून साथ शोधली, पण दोन ओळींनंतर हात आवरता घेऊन त्या नुसत्या ऐकत राहिल्या. नंतर पियानो अर्ध्या अर्ध्या स्वराने वर चढवीत आणि खाली उतरवीत त्यांनी आवाजाची हद्द पाहिली व मला बासच्या वरच्या रांगेत बसवले. मग चार, सहा, आठ स्वर वाजवून ते जसेच्या तसे गायला सांगितले. एकही चुकला नाही. चुकण्याचे कारणच नव्हते. आमच्या वस्तीत गाणाऱ्याच्या मागे बसून पालुपद उचलतच मी मोठा झालो. तेथे दुसऱ्यांदा ऐकवायला कोणी थांबत नसे.

शेवटी हातात कागद आला. पाच रेघा आणि त्यांवर काळे ठिपके. अर्ध्या मिनिटात पाहून गायचे होते. मी तो कागद सभ्यपणे परत दिला. आठवड्याने उत्तर आले : आवाज आणि कान उत्तम, पण स्वरलिपी वाचता येत नसल्याने तूर्त घेता येत नाही, खाजगी शिक्षकाकडे शिकून पुढच्या वर्षी जरूर यावे. पत्राची भाषा अत्यंत सौजन्याची होती. (सौजन्याने दिलेला नकार मला नवा नाही. फरक इतकाच की येथे निदान कारण तरी लिहिलेले होते.)

माझ्या मते खरी गोम या कागदात आहे. पहिल्या तीन परीक्षा गळ्याच्या आणि कानाच्या होत्या. चौथी मात्र घराची होती. सातव्या-आठव्या वर्षी घरात पियानो होता का, शिकवणीचे पैसे भरणारा बाप होता का, हे ती विचारते. आणि उत्तराला 'गुणवत्ता' असे नाव देते. घरातला पहिला पदवीधर असल्यामुळे हे नाव मी लांबूनच ओळखतो. तेथेही सर्व पथके ही अट घालतात असे नाही. काही तर चाचणीच घेत नाहीत. पण वाद्यवृंदाची प्रतिष्ठा जसजशी वाढते तसतसा हा कागद पुढे येतो.

येथे कोणी पडद्याची आठवण देईल. वादकांच्या निवडीत उमेदवार दिसू नये म्हणून मध्ये पडदा लावण्याची पद्धत अमेरिकेत १९७०च्या दशकापासून रुजली. त्याआधी, १९६९ साली, आर्ट डेव्हिस आणि अर्ल मॅडिसन या दोन कृष्णवर्णी वादकांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकविरुद्ध शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे दाद मागितली होती. कायम जागांबाबतचा त्यांचा आरोप आयोगाने मान्य केला नाही; पण बदली वादक नेमताना भेदभाव होतो, हे मान्य केले. म्हणजे जेथे परीक्षा नव्हती, ओळखीपाळखीने बोलावणे होते, तेथे चोरी सापडली! पडद्याचे मोल मी कमी लेखणार नाही. आमच्या उत्तरपत्रिकेवर आसनक्रमांक असतो तोवर आम्ही सुरक्षित असतो. तोंडी परीक्षेत आडनाव खोलीत शिरते, हे कोणाला ठाऊक नाही? पण पडदा कातडीचा रंग झाकतो, शिकवणीची वर्षे झाकत नाही. २०२० सालीही त्या वाद्यवृंदात एकच कृष्णवर्णी वादक होता, आणि पडदाच काढून टाका अशी मागणी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या समीक्षकाने केली. ही मागणी मला घाईची वाटते. पडदा ठेवावा, आणि पडद्यापर्यंत येण्याची वाट रुंद करावी.

ती रुंद करता येते, याला पुरावा आहे. एकोणिसाव्या शतकात नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेने रेघा-ठिपक्यांऐवजी डो-रे-मीची आद्याक्षरे वापरून गाणे शिकवले आणि जॉन कर्वेन या धर्मोपदेशकाने तिची पद्धत सुधारून 'टॉनिक सोल-फा' म्हणून सर्वत्र नेली. गिरणीतली माणसे, खाणकामगार ती शिकले आणि हँडेलची मोठी रचना चार आवाजांत गाऊ लागले. मागे धर्मप्रचाराचा आणि दारूबंदीचा हेतू होता, तो लपवण्याचे कारण नाही. उच्चभ्रू संगीतज्ञांनी तिला गरिबांची लिपी म्हणून हिणवले. तरी हेच अक्षरगाणे दक्षिण आफ्रिकेत गेले, आपल्या मिझोरमच्या डोंगरांत गेले, आणि तेथील गीतपुस्तकांत आजही छापले जाते. मला ज्या शहरात कागद परत द्यावा लागला, त्याच मुलखातल्या मजुरांनी कधीकाळी ही अक्षरे गिरवली होती. आज त्यांच्याच पथकांना खाजगी शिक्षकाचा पत्ता सुचवावासा वाटतो! जपानात ओसाका येथे १९८३ पासून डिसेंबरात दहा हजार माणसे बीथोव्हनची तीच सिंफनी गातात आणि नवख्यांसाठी आधी वर्ग भरतात. तेथे क्रम उलटा आहे : आधी शिकवणी, मग गाणे.

आता आपल्याकडे पाहू. पोवाड्यात झीलकरी असतो, तमाशात सुरत्या असतो. त्याची चाचणी कोणी घेतली नाही. तो मागे बसून तयार झाला. भीमराव कर्डकांच्या जलशापासून अण्णा भाऊंच्या लाल बावटा कलापथकापर्यंत हीच शाळा होती. पण तिचेही गोडवे नुसते गाऊन भागणार नाही. त्या शाळेत मुली कोठे होत्या? जलशातली बाईसुद्धा बहुधा पुरुषच उभी करीत असे. आणि आज जयंतीच्या मंचावर ठेक्याने आणलेला गायक ध्वनिक्षेपकावरून गातो, वस्ती नुसती ऐकते. झीलकरी मागच्या मागे गळून गेला, आणि त्यासाठी कोणा परीक्षकाला दोष देता येत नाही.

आणखी एक अडचण आहे, आणि तिच्यावर आपल्या गायकांनी व शाहिरांनी लिहावे असे मला वाटते. आपले सगळे झीलकरी एकच ओळ गातात. चार आवाजांच्या गाण्यात बास आपली वेगळी ओळ धरतो, आल्टो आपली. शेजाऱ्याची ओळ वेगळी असूनही तीवाचून आपली उभी राहत नाही. वामनदादांच्या चाली अशा चौपदरी बांधता येतील का, की त्यात त्यांचा ठसका मरेल? आमच्या महाविद्यालयात या सत्रापासून शनिवारी दुपारी बारा मुले-मुली सा-रे-गची अक्षरे फळ्यावर लिहून हा प्रयोग करीत आहेत. दोन पदर जमले आहेत. तिसरा अद्याप हलगीखाली दबतो.