जुन्या सांच्यांतील नवें गाणें

गतकालाचा मोह हा केवळ वृद्धांचाच धर्म होय, असा एक रूढ समज आहे. कोपनहेगन येथें २००१ सालीं एकत्र आलेल्या ‘द रेव्होनेट्स’ या गायक-वादक जोडीकडे पाहिलें म्हणजे तो टिकत नाहीं. सूने रोझे वाग्नर आणि शॅरिन फू हीं दोघें जन्मलीं तीं अमेरिकेंतील रॉक अँड रोलचा पहिला बहर ओसरल्यावर. तरी आपलें नांव त्यांनीं त्या काळाकडूनच घेतलें. १९५९ सालीं विमानाच्या अपघातांत ऐन तारुण्यांत गेलेल्या बडी हॉलीचें ‘रेव्ह ऑन’ हें गाणें आणि न्यूयॉर्कच्या तीन मुलींचा ‘रॉनेट्स’ हा संच, यांचा तो संधि आहे.

असें ऋण उघड मिरविणाऱ्या कलावंतांस टीकाकारानें काय विचारावें? मोरोपंतांच्या आर्येच्या सांच्यांत आज कोणी रचना करूं लागला, तर आपण त्यास दोन प्रश्न विचारूं. मात्रा जुळल्या काय, हा पहिला. आणि त्या मात्रांत आजच्या माणसाचें कांहीं उतरलें काय, हा दुसरा. पहिला कारागिरास विचारावयाचा, दुसरा कवीस. या जोडीसहि तेच दोन प्रश्न लावून पाहूं.

पहिल्याचें उत्तर ‘व्हिप इट ऑन’ (२००२) ही त्यांची छोटी तबकडी देते. आठ गाणीं, आणि एकूण अवधि सुमारें २१ मिनिटांचा. येथें त्यांनीं आपण होऊन बंधनें घालून घेतलीं. तीनांहून अधिक स्वरसंघात योजावयाचे नाहींत. कोणतेंहि गाणें तीन मिनिटांपलीकडे न्यावयाचें नाहीं. आणि सर्व गाणीं एकाच पट्टींत, म्हणजे आपल्या पेटीवरील काळी पांच षड्ज मानून, कोमल गांधाराच्या अंगानें बांधावयाचीं. पुढील वर्षींच्या ‘चेन गँग ऑफ लव्ह’मध्यें पट्टी तीच ठेवून गांधार मात्र शुद्ध केला. त्यांच्याच देशांतील चित्रपट-दिग्दर्शक लार्स फॉन ट्रायर व थॉमस विंटरबर्ग यांनीं १९९५ सालीं बाहेरून जोडलेलें संगीत आणि खास प्रकाशयोजना वर्ज्य करण्याची शपथ घेतली होती, तिची येथें आठवण होते. छंद कवीस अनावश्यक शब्द टाकावयास लावतो. या नियमांनीं तसाच गाण्यांतील फापटपसारा झाडून टाकला.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर त्यांच्या नादांत आहे. दोन कंठ एकमेकांस लगटून, थोड्या स्वरांतरानें एकच ओळ गातात. ही रीत एव्हर्ली बंधूंची. तीवर गिटारचा मुद्दाम फाटका केलेला आवाज कोसळतो. असें मिश्रण स्कॉटलंडच्या ‘जीझस अँड मेरी चेन’नें १९८५ च्या ‘सायकोकँडी’मध्यें आधींच सिद्ध केलें होतें. म्हणजे ऋण दुहेरी झालें. तथापि या गोडव्यांत पूर्वींचा भाबडेपणा उरलेला नाहीं. जुनें प्रेमगीत बहुधा मीलनाच्या आशेवर विसावत असे. येथें तोच मधुर सूर वासना, धोका आणि एकटेपणा यांची कथा सांगतो, आणि तीहि आवाज न चढवितां. भोंवतीं गर्जना आणि मध्यें कुजबूज, हें त्यांचें स्वतःचें बोलणें होय.

हा तोल सुटला तो ‘प्रिटी इन ब्लॅक’मध्यें (२००५). नियम सैल झाले, गोंगाट निवला, आणि वडीलधाऱ्यांस आमंत्रण गेलें. रॉनेट्समधील रॉनी स्पेक्टर स्वतः गावयास आली, ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ची मोरीन टकर ताल धरावयास बसली, १९६३ चें ‘माय बॉयफ्रेंड्स बॅक’ हें गाणें पुन्हां गाइलें गेलें. सारें सुबक आहे; पण तसबिरीस हार घालावा तसें. ज्या पूर्वजांशीं वाद घालावयाचा, त्यांच्यापुढें केवळ हात जोडले म्हणजे कला निर्जीव होते. ‘लस्ट लस्ट लस्ट’मध्यें (२००७) गोंगाट परतला, वाद पुन्हां सुरू झाला, आणि आमच्या मतें त्यांची सर्वांत सरस कृति जन्मास आली.

पूर्वजांचा सूर उसना घेण्यांत कमीपणा नाहीं. त्यांत आपली भर घातली कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें. तरुणांच्या खोलींतून हा गोंगाट ऐकूं आल्यास वडील मंडळींनीं दार लोटण्यापूर्वीं क्षणभर कान द्यावा. गर्जनेखालचे ते दोन हलके कंठ कदाचित् त्यांच्याहि ओळखीचे निघतील.